सयाजी ऊ बा खिन : दफ्तरातील आचार्य

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत इंग्रजांच्या नजरकैदेत दिवस कंठीत असता, तिकडे रंगूनच्या एका कष्टकरी वस्तीत ६ मार्च १८९९ रोजी ऊ बा खिन यांचा जन्म झाला. १९१७ साली शालान्त परीक्षेत सुवर्णपदक आणि शिष्यवृत्ती मिळवूनही संसाराला हातभार लावण्याच्या निकडीमुळे त्यांना पुढील शिक्षणाचा विचार सोडावा लागला. काही काळ एका वृत्तपत्राच्या कचेरीत काढून ते महालेखापालांच्या दफ्तरात कारकून म्हणून रुजू झाले, आणि पायरीपायरीने चढत, ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले.

ध्यानाशी त्यांची गाठ पडली ती १९३७ च्या पहिल्याच दिवशी. सया थेटजी या शेतकरी गृहस्थाचार्यांच्या एका शिष्याने त्यांना श्वासावर लक्ष ठेवण्याची आनापान साधना समजावून दिली, आणि चित्त असे काही एकाग्र झाले की आठवडाभरातच ते दहा दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन नदीपलीकडच्या प्याऊब्वेजी गावाकडे निघाले. अंतर अवघे आठ मैलांचे. पण ओहोटीमुळे भाड्याच्या नावेने त्यांना अर्ध्या वाटेवरच सोडले. गुडघाभर चिखल तुडवीत त्यांनी काठ गाठला, पुढची वाट भातखाचरांतून पायीच कापली आणि चिखलाने माखलेल्या पायांनीच ते गुरूंच्या दारी पोहोचले. त्याच रात्री त्यांना दीक्षा मिळाली. पुढे १९४१ साली वेबू सयाडो या पूज्य भिक्षूंची अवचित भेट घडली, आणि तुम्ही इतरांना शिकवा, ही त्यांची आज्ञा ऊ बा खिन यांनी शिरोधार्य मानली.

त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेताना मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, ध्यानासाठी त्यांनी हुद्दा टाकला नाही आणि हुद्द्याच्या व्यापात ध्यानालाही अंतर दिले नाही. १९५० मध्ये त्यांनी आपल्याच कचेरीतील मंडळींसाठी विपश्यना मंडळ स्थापन केले, आणि १९५२ मध्ये श्वेडगोन पॅगोडाच्या उत्तरेस दोनएक मैलांवर आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभारले. मधोमध आचार्यांची खोली आणि तिच्या सभोवार साधकांच्या आठ कोठड्या, अशी तेथल्या छोट्या पॅगोडाची रचना होती. सरकारने त्यांच्याकडे एकाच वेळी अनेक खात्यांचा कारभार सोपवला. गैरव्यवहाराने पोखरलेल्या शेतमाल खरेदी-विक्रीच्या सरकारी मंडळाची साफसफाई त्यांनी आरंभली, तेव्हा तेथील अंमलदारांनी संप पुकारला. मूठभर माणसांच्या हातांनी ते महिनोन्‌महिने काम रेटत राहिले, आणि अखेर संपवाल्यांनाच बिनशर्त परत यावे लागले. हा निग्रह आणि ध्यानकेंद्रातील त्यांचे वात्सल्य या दोन निराळ्या गोष्टी होत्या, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे तरुण व्यापारी १९५५ साली अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे आले. केवळ डोकेदुखीच्या उपचारासाठी धर्माचे मोल कमी करता येणार नाही, म्हणून सयाजींनी त्यांना आधी प्रवेशच नाकारला. चित्तशुद्धी हा हेतू धरून या, आजार गेला तर तो आनुषंगिक लाभ समजा, असे त्यांचे म्हणणे होते. हा नकार मला त्यांच्या साऱ्या अध्यापनाचा गाभा वाटतो, कारण साधकांची संख्या वाढवण्याचा मोह ज्याला असता तो गुरू असा दारातला श्रीमंत शिष्य परत पाठवता ना.

भारताकडून मिळालेली ही विद्या भारताला परत करावी, हे ब्रह्मदेशावरचे ऋण आहे, असे सयाजी वारंवार बोलत. परंतु लष्करी राजवटीत त्यांना स्वतःला परदेशगमनाचा परवाना मिळू शकला नाही. मग जून १९६९ मध्ये त्यांनी गोएंकांना आचार्यपदाचा अधिकार दिला, आणि जुलैच्या आरंभी मुंबईतील एका धर्मशाळेत पहिले दहा दिवसांचे शिबिर भरले. १९ जानेवारी १९७१ रोजी सयाजींनी देह ठेवला. गोएंकांनी उभारलेले इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. तेथे आजही दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळले जाते, आधी आनापान आणि मग देहावरील संवेदनांचे निरीक्षण हाच क्रम चालतो, आणि शिकवणारे बहुतेक सर्व सयाजींसारखेच गृहस्थ असतात.