पायाखालची फळी

गिटारच्या इफेक्ट पेडलांची गोष्ट सांगितली जाते ती सर्किटांची. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ ध्वनिमुद्रित होत होतं. मिक्सिंग कन्सोलमधल्या बिघाडानं ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटला आणि तो तसाच गाण्यात राहिला. १९६१ मध्ये गाणं गाजलं. तिथल्या ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानं पुढे मुद्दाम तसा आवाज देणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं, गिब्सन कंपनीनं ते घेतलं आणि १९६२ मध्ये मॅस्ट्रो फझ-टोन विकायला आला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सनं तोच वापरला. मग फझ फेस, वाह, बिग मफ, ट्यूब स्क्रीमर. ही नामावळी गिटारवाल्यांना तोंडपाठ असते.

घरी पेडलबोर्ड बांधणाऱ्यांचे टप्पे मात्र वेगळे आहेत. वीज कुठून घ्यायची, पायाखालचं बटण कोणतं लावायचं, वायर किती लांब ठेवायची आणि हा सगळा पसारा कशावर बसवायचा, या चार प्रश्नांभोवती आमची तीसेक वर्षं गेली. माझं ठाम मत आहे की एखाद्या वादकाचा आवाज घडवण्यात सर्किटाइतकाच वाटा या दुर्लक्षित गोष्टींचा असतो. म्हणून हा मागोवा त्यांचा.

१९९० च्या दशकात पुण्यात परदेशी पेडल म्हणजे कुणाचा तरी मामा अमेरिकेहून येणार असेल तेव्हा मिळणारी वस्तू. झूम ५०५ सारखा सगळे इफेक्ट एकाच डब्यात देणारा मल्टी-इफेक्ट्स हळूहळू दिसू लागला होता, पण कॉलेजमधल्या मुलाला तोही महाग. सुटे भाग मात्र मुबलक होते. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, या दोन ठिकाणी रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी सगळं मिळायचं. क्रेग अँडरटन यांनी वादकांसाठी लिहिलेलं १९७५ चं प्रकल्पांचं पुस्तक झेरॉक्सच्या रूपात हातोहाती फिरत होतं. तांब्याचा थर असलेल्या पाटीवर मार्करनं रेषा आखायच्या, फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून बाकीचं तांबं विरघळवायचं, बारीक ड्रिलनं भोकं पाडायची आणि इलेक्ट्रिशियन भिंतीत बसवतात त्या लोखंडी स्विच बॉक्समध्ये सर्किट बंद करायचं. लोखंडी डबा असल्यानं बाहेरची विजेची घरघर आपोआप अडायची.

फझसाठी तर घरातच खाण होती. फझ फेसच्या सर्किटात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, एवढाच ऐवज असतो. त्याला लागतो जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, आणि एसी १२८ हा तसा ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओंत स्पीकर चालवायच्या कामी असायचा. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६० च्या दशकापासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवत होती. त्यामुळे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मेलेल्या रेडिओंच्या ढिगात ते सापडत. लंडनमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली जे सर्किट होतं, त्याच घराण्यातला आवाज नारायण पेठेतल्या माडीवर निघत होता आणि त्याचा आम्हाला अतोनात आनंद होता.

पण जर्मेनियम उष्णतेला हळवं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यातून होणारी विजेची गळती साधारण दुप्पट होते आणि सर्किटाचा तोल ढळतो. जानेवारीत लोण्यासारखा मऊ येणारा फझ मे महिन्यात तुटक, घशात अडकल्यासारखा वाजू लागतो. लंडनच्या हवेत सर्किट आखणाऱ्यांना विदर्भाच्या उन्हाळ्याचा विचार करायचं कारण नव्हतं. आपल्याकडच्या बांधणाऱ्यांनी एका रेझिस्टरच्या जागी छोटा प्रीसेट बसवला, म्हणजे ऋतूप्रमाणे पेचकसानं तोल सावरता येतो. हा बदल मी आजही प्रत्येक जर्मेनियम फझमध्ये करतो.

याच एसी १२८ नं विजेचा प्रश्नही उभा केला. तो पीएनपी जातीचा. त्याच्या सर्किटात बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडतात. बाकीच्या पेडलांत ऋण टोक ग्राउंडला असतं. दोन्ही प्रकारची पेडलं बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालणाऱ्या एकाच एलिमिनेटरवर लावली की मधल्या गिटार केबलच्या जाळीतून धन आणि ऋण थेट एकमेकांना भिडतात. शॉर्ट! त्यामुळे फझ नऊ व्होल्टच्या बॅटरीवर आणि उरलेली पेडलं एलिमिनेटरवर, अशी विभागणी बरीच वर्षं चालली.

आणि तो एलिमिनेटर! आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डब्यावर नऊ व्होल्ट लिहिलेलं, मीटर लावावा तर बारा-तेरा. कॅसेट प्लेयरला ते चालून जायचं, पण पेडलमधून अॅम्प्लिफायरमध्ये शंभर हर्ट्झचा घूंकार सुरू व्हायचा. त्यावर उपाय ७८०९ हा रेग्युलेटर. तीन पायांचा, स्वस्त आणि अतिशय भरवशाचा. घूंकार बराच खाली आला. तरी पाच-सहा पेडलं एकाच वायरीवर लटकलेली असल्यानं त्यांचे ग्राउंड दोन-दोन वाटांनी जोडले जात आणि कुठून तरी गुणगुण येतच राही. करमणुकीच्या कॅराओके यंत्रांसाठी बनलेल्या पीटी २३९९ या चिपवर आम्ही डिले बांधू लागलो तेव्हा तर तिच्या आतल्या घड्याळाची शिट्टी त्याच वायरीतून शेजारच्या ओव्हरड्राइव्हमध्ये शिरायची आणि तिथून मोठी होऊन बाहेर पडायची.

खरी सुटका केली ती ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्यानं. परदेशात प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणाऱ्या पेट्या तयार मिळत होत्या, त्यांची किंमत आवाक्याबाहेर होती. पण आपल्याकडे सांगाल तसा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर पेठापेठांत बसलेले असतात. मी बारा व्होल्टची सहा वेगवेगळी वाइंडिंग मागितली तेव्हा वाइंडिंगवाले काका म्हणाले, “अहो, एकच जाड तारेचं घ्या ना, सहा कशाला? उगाच तांबं वाया.” सहाही एकमेकांपासून तुटलेली हवीत, हे सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि दोन वाइंडिंगांमध्ये कागदाचा जादा थर घालायचं त्यांनीच सुचवलं. प्रत्येक वाइंडिंगला आपापला ब्रिज आणि आपापला ७८०९. बोर्ड सुरू केला आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू आला. जर्मेनियमचा फझही, टोकं उलटी जोडून, त्याच पेटीवर चालू लागला. माझ्या लेखी गेल्या तीस वर्षांतला सर्वांत मोठा टप्पा हाच. कुठल्याही नव्या सर्किटानं माझा आवाज इतका सुधारला नाही.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहिली पाहिजे. गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. हॉलमध्ये किंवा मंडपात विजेच्या बोर्डातली अर्थिंगची तिसरी पिन नावापुरती असेल, तर वादकाचा हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. तो जीवघेणा ठरू शकतो. तिसरी पिन कापून घूंकार घालवणारे लोक मी पाहिलेत. तसं कुणीही, कधीही करू नये. टेस्टर आणि मीटर पेडलबोर्डाच्या खणात असलेच पाहिजेत.

पायाच्या बटणाची कथा छोटी आहे. जुन्या वाहमध्ये पेडल बंद केलं तरी सर्किटाचं तोंड गिटारला चिकटलेलंच राही आणि वरचे सूर पातळ होत. सहा टोकांच्या बटणानं सर्किट दोन्ही बाजूंनी बाजूला काढता यायचं, पण मग दिव्यासाठी टोकं उरत नसत. अंधाऱ्या मंचावर पेडल चालू की बंद, कळायचं नाही. नऊ टोकांचं निळं बटण सहज मिळू लागलं आणि तो प्रश्न मिटला.

केबलनं मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही. एक मीटर केबलमध्ये साधारण शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. गिटारपासून बोर्ड, बोर्डावरचे छोटे तुकडे, बोर्डापासून अॅम्प्लिफायर, मिळून दहा-बारा मीटर होतात आणि सुरांची धार बोथट होते. बफर लावला की धार परत येते. तो फझच्या आधी लावला तर फझ कर्कश होतो, कारण त्याला गिटारच्या पिकअपशी थेट गाठ हवी असते. म्हणून माझ्या बोर्डावर फझ पहिला, त्यामागे बफर, मग ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि शेवटी डिले.

हे सगळं जिच्यावर बसतं ती फळी. इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश यांनी १९७० च्या दशकापासून नामवंतांसाठी बोर्ड बांधले. पेडलांची सर्किटंच ते एका मोठ्या पेटीत उतरवत. युरोप-अमेरिकेत पुढे घरगुती बांधणाऱ्यांनी आयकियाच्या गोर्म नावाच्या पट्ट्यांच्या लाकडी शेल्फला पेडलबोर्ड करून टाकलं, कारण पट्ट्यांमधल्या फटीतून केबल खाली सोडता येतात. आपल्याकडे सुरुवात बारा मिलिमीटरच्या प्लायवर झाली. अठराचा प्लाय घेतला तर बोर्ड स्कूटरवर नेता येत नाही. नंतर सरकत्या खिडक्यांचे अॅल्युमिनियमचे सेक्शन आले, हलके आणि न वाकणारे. बोहरी आळीतून स्क्रू, रिव्हेट आणि रबरी पाय, शिवणकामाच्या दुकानातून वेल्क्रो. मागची बाजू थोडी उचललेली, खाली वीजपेटी.

आता परिस्थिती पालटली आहे. तयार बोर्ड, तयार वीजपेट्या, सगळं घरपोच येतं. सर्किटाची पाटीही कुणी घरी कोरत नाही, फाइल पाठवली की छापून येते. त्याच वेळी डिजिटल पेडलांची भूक वाढली. जुन्या ओव्हरड्राइव्हला दहा मिलिअँपिअर पुरत. नव्या रिव्हर्बला तीनशे लागतात. तेवढ्या प्रवाहावर माझ्या पेटीतला ७८०९ साधारण दोन वॅट नुसती उष्णता म्हणून टाकतो, हात लावता येत नाही. म्हणून नव्या बांधणीत एकच बारा व्होल्टची लाइन आणि प्रत्येक पेडलपाशी छोटा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर अशी रचना मी घेतली आहे. त्यांच्या स्विचिंगची बारीक सळसळ गाळायला प्रत्येकाच्या पुढे एक कॉइल आणि दोन कपॅसिटर लागतात. किती हेन्रीची कॉइल सर्वांत बरी, याच्या चाचण्या चालू आहेत. फझ तेवढा पुन्हा बॅटरीवर नेला. तो एक मिलिअँपिअरच्या आसपासच खातो, आणि इनपुटला स्टिरिओ जॅक बसवला की केबल काढताच बॅटरी तुटते, त्यामुळे ती महिनोन्‌महिने टिकते.