तळ्याचें औषध आणि कांठचीं झाडें

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें पाण्याची कदर जाणणारें शहर. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं नहर बांधून येथें पाणी खेळविलें. पाणचक्कीच्या हौदाशेजारचा वड त्या पाण्याचीच साक्ष देतो. दिल्ली दरवाज्याजवळच्या जुन्या खिजरी तलावास पुढें पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचें नांव मिळालें. परंतु या सरोवरांत दक्षिण अमेरिकेंतून आलेली जलपर्णी वारंवार माजते, आणि अशा वेळीं "तणनाशक फवारा, म्हणजे झालें!" हा सल्ला कोठेंहि सहज ऐकूं येतो.

सल्ला सोपा खरा. पण कांठच्या झाडांचें काय? तण कोणतें आणि वड कोणता, हें औषधास कळत नाहीं. ग्लायफोसेट मातीच्या कणांस घट्ट चिकटतें, म्हणून मुळांवाटे तें फारसें शिरत नाहीं. मात्र पानांवर किंवा कोवळ्या हिरव्या सालीवर तुषार पडले, कीं तें थेट मुळांपर्यंत उतरतें. बुंध्याशीं फुटलेले धुमारे तण समजून फवारले, तर मूळ वृक्षासच बाधा होते. २,४-डी हें रुंद पानांचें वैरी. त्याच्या कांहीं प्रकारांची वाफ उन्हांत दूर जाते, आणि मराठवाड्याच्या कापसास तर तिची झुळूकहि सोसत नाहीं. इमाझापिर, डायुरॉन हीं तर मुळांवाटेहि वर चढतात. तीं कांठावर टाकणें म्हणजे झाडाच्या मुळाशीं विष ओतणेंच होय.

आमच्या मतें पहिला उपाय हातांचा: जलपर्णी ओढून काढावी, दूर नेऊन कुजवावी, आणि तिला पोसणारें सांडपाणी अडवावें. तिच्यावर जगणारे नियोकेटिना भुंगेरेहि आपल्या देशांत आणले गेले आहेत. त्यांचें काम संथ, पण झाडांस निर्धोक. फवारणी अटळच असेल, तर पाण्यासाठीं मान्य असलेलेंच औषध घ्यावें, वारा पडलेला पाहावा, थेंब जाड ठेवावे व झाडांलगतचा पट्टा सोडावा. सारें तळें एकाच दिवशीं फवारूं नये; कुजणारी जलपर्णी पाण्यांतील प्राणवायु शोषून घेते व मासे मरतात. चुकून पानांवर तुषार पडलेच, तर तीं तत्काळ स्वच्छ पाण्यानें धुवावीं. आणि झाड सुकलेंसें वाटलें तरी पुढल्या पालवीपर्यंत त्यावर कुऱ्हाड चालवूं नये.

वटपौर्णिमेस आपल्या घरच्या बायका वडास सूत गुंडाळतात. त्याच वडाच्या मुळाशीं काय ओतलें जातें, हें पाहणें घरांतील कर्त्या माणसांचें काम आहे. जलपर्णी एका पावसाळ्यांत पुन्हां वाढते. वड वाढावयास दोन पिढ्या लागतात.