पहिली वेलांटी आणि वृद्धांचे संदेशलेखन

मीरा-भाईंदरमधील एखादे निवृत्त गृहस्थ स्मार्टफोनवर ‘काशिमिरा’ हे जवळच्याच गावाचे नाव लिहू लागले, की ‘शि’पाशी अडतात. घरची मंडळी हा वार्धक्याचा विसराळूपणा समजतात. वस्तुतः येथे दोष स्मृतीचा नसून दोन क्रमांतील विरोधाचा होय. कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते. जुन्या मराठी टंकलेखन-यंत्रावरही तिची कळ अक्षराआधी दाबावी लागे. फोनच्या देवनागरी कळफलकावर मात्र प्रथम ‘श’ आणि नंतर वेलांटी. कारण १९९१ मध्ये सिद्ध झालेल्या युनिकोड संकेतव्यवस्थेत देवनागरी वर्ण उच्चारक्रमाने साठविले जातात. तीच गोष्ट रफाराची. ‘सूर्या’ या नदीच्या नावात लेखणी रफार शेवटी देते. फोनवर ‘र’ व हलन्तचिन्ह ‘य’च्या आधी येतात.

तेव्हा शिकविणाऱ्याने कळांच्या जागा घोकून घेण्यापूर्वी एकच सूत्र सांगावे : दिसते तसे नव्हे, उच्चारिले जाते तसे लिहावे. उच्चार तर वृद्धांस जन्मभर अवगतच असतो. हे सूत्र न कळल्यास दूरदेशीच्या नातवाला लिहावयाच्या दोन खाजगी ओळीही दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्याव्या लागतात.