मिश्र शिक्षणाची रूपे (लेखांक 4) : विद्यार्थ्याने स्वतः आखलेले वेळापत्रक

आतापर्यंतच्या लेखांकांत ज्या रचनांचा परिचय झाला, मग तो गटागटाने जागा बदलत शिकणारा वर्ग असो किंवा पाठ घरी पाहून सराव शाळेत करवून घेणारा ‘उलटा वर्ग’ असो, त्या सर्वांत ऑनलाइन भाग किती आणि प्रत्यक्ष अध्यापन किती हे शिक्षक किंवा शाळा ठरवते आणि विद्यार्थी त्या आखणीप्रमाणे चालतो. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत मात्र असाही एक प्रकार रुळला आहे, ज्यात हे प्रमाण विद्यार्थीच ठरवतो. हेदर स्टेकर आणि मायकेल हॉर्न या अभ्यासकांनी 2012 मध्ये मिश्र शिक्षणाचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात या प्रकाराला ‘सेल्फ-ब्लेंड’ असे नाव होते. पुढे त्याऐवजी ‘आ ला कार्ट’ हे नाव आले, म्हणजे ठरलेली थाळी न घेता हवा तो पदार्थ वेगळा मागवणे. नेहमीच्या शाळेत जाणारा विद्यार्थी एखाद-दोन विषय पूर्णपणे ऑनलाइन, वेगळ्या शिक्षकाकडे शिकतो आणि उरलेले विषय वर्गात बसून शिकतो, एवढेच या प्रकाराचे मूळ स्वरूप आहे.

हे शक्य होते ते संगणकामुळे कमी आणि श्रेयांकपद्धतीमुळे अधिक. अमेरिकेत शालान्त पदविका मिळते ती ठरावीक श्रेयांक जमवल्यावर. महाराष्ट्रातील दहावीप्रमाणे सर्व विषयांची एकच मंडळपरीक्षा तेथे नसल्यामुळे प्रत्येक विषय स्वतंत्रपणे मोजला जातो आणि म्हणूनच तो दुसरीकडून आणून जोडताही येतो. या मोजणीचे एकक ‘कार्नेगी युनिट’ या नावाने ओळखले जाते. 1905 मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाला कोणत्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यावे हे ठरवायचे होते आणि त्या ओघात प्रवेशाची समान अट म्हणून, वर्षभरात सुमारे 120 तास शिकवलेला विषय म्हणजे एक एकक, हे माप सर्वत्र पसरले. निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून आलेल्या या मापाने पुढे शतकभर शाळांची वेळापत्रके बांधून ठेवावीत, हा शिक्षणाच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. त्याने विषय सुटे केले खरे, पण विद्यार्थी किती तास बसला यालाच शिकण्याचा पुरावा मानले. आणि जो विद्यार्थी रात्री नऊ वाजता घरी बसून भूमिती शिकतो, त्याचे तास मोजायचे कोणी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

फ्लोरिडा राज्याने 1997 मध्ये सुरू केलेल्या ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ या सार्वजनिक ऑनलाइन शाळेने त्याचे उत्तर अनुदानाच्या नियमात शोधले. विद्यार्थ्याने विषय यशस्वीपणे पूर्ण केला तरच शाळेला त्या विषयाचे पैसे मिळतील, असे तेथे ठरले आणि तासांची मोजणी बाजूला पडली. मात्र पूर्ण झालेले काम खरोखर त्याच विद्यार्थ्याचे आहे की नाही हे तपासण्यासाठी त्या शाळेचे शिक्षक विद्यार्थ्याशी दूरध्वनीवर बोलून तोंडी परीक्षण करतात. विद्यार्थ्याने सोडवलेल्या घटकावर प्रश्न विचारले जातात, उत्तर कसे आले हे त्याच्याकडून वदवून घेतले जाते आणि त्यानंतरच तो पुढे सरकतो. या पद्धतीत जुन्या शाळांमधील तोंडी परीक्षेचाच अंश आहे, हे सहज लक्षात येते.

पेनसिल्व्हेनियातील क्वेकरटाउन या शालेय जिल्ह्याने, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक प्रशासकीय घटकाने, निराळी वाट धरली. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना एक वा अधिक विषय ऑनलाइन घेण्याची मुभा देताना त्याने प्रथम सर्वांसाठी एक ओळख-अभ्यासक्रम ठेवला आणि ऑनलाइन विषयांचे अध्यापन मुख्यतः अशा शिक्षकांकडे सोपवले, जे त्याच जिल्ह्यात वर्गावरही शिकवत होते. शाळेतच ‘सायबर लाउंज’ नावाच्या खोल्या उभारल्या गेल्या. विद्यार्थी मोकळ्या तासिकेत तेथे बसून काम करू शकत होता किंवा ते घरी नेऊ शकत होता. ही खोली दिसायला किरकोळ सोय असली, तरी स्वतः आखलेले वेळापत्रक बहुधा नेमके याच मोकळ्या तासिकेत कोलमडते. वर्गाला घंटा असते, तर ऑनलाइन विषयाजवळ केवळ आठवड्यांचा तक्ता असतो आणि त्यावरील दोन आठवडे मागे पडले, तरी विद्यार्थ्याला कोणी उभे करत नाही.

मिशिगन राज्यात या निवडीला कायद्याचा आधार मिळाला. ऑनलाइन शिक्षणाचा काही अनुभव 2006 पासूनच तेथील पदविकेच्या अटींत होता. 2013 मध्ये शालेय अनुदान कायद्याच्या 21 एफ या कलमाने, पालकांच्या संमतीने सत्राला दोन ऑनलाइन विषय मागण्याचा अधिकार विद्यार्थ्याला दिला आणि नकार देण्याची कारणे मोजकी ठेवली : त्या विषयाचा श्रेयांक आधीच मिळालेला असणे, पूर्वतयारी नसणे, अभ्यासक्रम पुरेशा दर्जाचा नसणे इत्यादी. त्याचबरोबर शाळेने प्रत्येक अशा विद्यार्थ्यासाठी एक मार्गदर्शक नेमणे बंधनकारक आहे. विषय शिकवणे हे त्याचे काम नसते. प्रगतीवर लक्ष ठेवणे, उपकरणे उपलब्ध आहेत याची खात्री करणे आणि दूरच्या शिक्षकाशी संपर्क तुटू न देणे हे त्याच्याकडे असते.

तरीही सुरुवातीच्या वर्षांतील निकाल समाधानकारक नव्हते. ‘मिशिगन व्हर्च्युअल’ या संस्थेच्या वार्षिक अहवालानुसार 2016-17 मध्ये ऑनलाइन विषयांतील उत्तीर्णतेचे प्रमाण 55 टक्के होते. एक-दोन विषय ऑनलाइन घेणाऱ्यांचे यश चांगले आणि पाच वा अधिक घेणाऱ्यांचे बरेच कमी, तर गरीब घरांतील विद्यार्थी इतरांच्या मागे, असेही त्यातून दिसते. स्वतः आखणी करण्याच्या कल्पनेवर या आकड्यावरून थेट निवाडा देणे मात्र घाईचे ठरेल, कारण आपल्या शाळेत न शिकवली जाणारी चिनी भाषा हौसेने निवडणारी विद्यार्थिनी आणि वर्गात बीजगणितात नापास झाल्यामुळे समुपदेशकाने श्रेयांक भरून काढण्यासाठी संगणककक्षात बसवलेला विद्यार्थी, हे दोघेही या गणनेत सारखेच मोजले जातात. दुसऱ्याच्या वेळापत्रकात त्याची स्वतःची निवड जवळजवळ नसतेच. ‘श्रेयांक-भरपाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.