‘तमस’: कुणाची गोष्ट, कुणाचा राग

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये पत्ता सांगताना आजही बॅरॅकचा नंबर सांगावा लागतो. फाळणीत घरदार गमावून आलेल्यांनी हे शहर उभं केलं, त्यामुळे फाळणीवरच्या सिनेमाबद्दल इथं मतं ठाम असतात. भीष्म साहनींची ‘तमस’ ही हिंदी कादंबरी १९७३ ची. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानींनी तिच्यावर केलेला सुमारे पाच तासांचा चित्रपट जानेवारी १९८८ पासून दूरदर्शनवर भागाभागांनी दाखवला गेला आणि देशभर वाद पेटला. त्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: ‘तमस’ ही उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांचीच कहाणी.

वस्तुस्थिती: निहलानी कराचीत जन्मले आणि फाळणीत इकडे आले, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण कादंबरीमागे आहेत त्या मार्च १९४७ मधल्या रावळपिंडी भागातल्या दंगली. पंजाब दुभंगला, सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबइतका रक्तपातही तिथं झाला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि मागं राहिलेल्या अनेकांचा धीर सुटला. पुष्कळजण बोटीनं मुंबईला उतरले आणि कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या रिकाम्या लष्करी छावण्यांत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते इथं कोनशिला बसली आणि ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं.

गैरसमज: म्हणजे दूरच्या पंजाबातली जुनी गोष्ट, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती: संबंध आहे, आणि तो ठाणे जिल्ह्यातूनच येतो. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल उसळली. त्यानंतर भीष्म साहनी आपले थोरले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासोबत भिवंडीला गेले. विणकरांची जळालेली घरं पाहताना त्यांना आपलं रावळपिंडी आठवलं आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. कल्याणच्या पलीकडचं भिवंडी पेटलं नसतं, तर ही कादंबरी कदाचित लिहिलीच गेली नसती.

गैरसमज: चित्रपट म्हणजे कादंबरीच जशीच्या तशी.

वस्तुस्थिती: कादंबरीला एक नायक नाही. चामडं कमावणारा नथू सुरुवातीला भेटतो, मग गर्दीत मागं पडतो. त्याचं मरणही ओझरतंच कळतं. निहलानींनी ओम पुरींचा नथू आणि दीपा साहींची गरोदर कर्मो यांना चित्रपटाचा कणा केलं आणि त्यांची वाट हरनाम सिंग-बंतो या वृद्ध शीख जोडप्याच्या वाटेला नेऊन मिळवली. हा बदल लेखकाला डावलून झाला, असंही म्हणता येत नाही, कारण हरनाम सिंगची भूमिका खुद्द भीष्म साहनींनीच केली आहे.

गैरसमज: ‘तमस’वर बंदी आली होती.

वस्तुस्थिती: बंदी नाही, थोड्या दिवसांची स्थगिती आली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपण थांबवलं, पण न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठानं आधी अख्खा चित्रपट पाहिला आणि मग स्थगिती उठवली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही प्रक्षेपणाविरुद्धची याचिका फेटाळली. कलाकृतीचा परिणाम जोखायचा तो शहाण्या, खंबीर माणसाच्या नजरेनं. ज्याला जिथं तिथं धोकाच दिसतो अशाच्या नजरेनं नव्हे, हा निकष न्यायालयानं धरला. दरम्यान निहलानींना मात्र पोलीस संरक्षणात राहावं लागलं.

गैरसमज: चित्रपट एकाच समाजाला झोडपतो.

वस्तुस्थिती: रस्त्यावर उतरल्या त्या हिंदुत्ववादी संघटना, उच्च न्यायालयात स्थगिती मागायला गेलेले अर्जदार मुस्लिम होते. एकाच चित्रपटावर दोन्हीकडून राग निघत होता. पडद्यावर काय आहे? मुराद अली नथूच्या हातावर पाच रुपये ठेवतो आणि गुरांच्या डॉक्टरसाहेबांना हवंय म्हणून डुक्कर मारायला सांगतो. नथू घामाघूम होतो, पण ते जनावर काही केल्या मरत नाही. सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं. दुसरीकडे एका हिंदू पोराला ‘तयार’ करण्यासाठी त्याच्या हातून कोंबडी मारवली जाते. इंग्रज डेप्युटी कमिशनरला सगळं कळतं, तो हलत नाही. आणि हरनाम सिंग-बंतोला घरात लपवते ती राजो मुसलमान आहे. या भूमिकेसाठी सुरेखा सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कादंबरीच्या शेवटी शहरात अमन कमिटीची बस फिरते आणि तीत बसून शांततेच्या घोषणा देत असतो तोच मुराद अली. साहनींचं बोट आहे ते दंगल घडवून नामानिराळं राहणाऱ्यांकडे. त्यामुळे ‘तमस’ हिंदूंविरुद्ध की मुसलमानांविरुद्ध, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाच रुपये कुणी दिले आणि कशासाठी, हे विचारायला हवं.