लोणारच्या काचेतलं लोखंड

वऱ्हाडातली मंडळी लोणारला जातात ती दैत्यसूदनाच्या दर्शनाला आणि खाऱ्या तळ्याची गंमत पाहायला. भूशास्त्रज्ञांची नजर मात्र विवराभोवतीच्या मातीत असते. तिथे काळ्या काचेचे बारीक तुकडे आणि मोहरीएवढे थेंब सापडतात.

उल्का आदळली, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं आणि वितळलेला बेसाल्ट स्फटिक जमायच्या आत थिजला. तीच ही काच.

बेसाल्टात लोह भरपूर. काचेत ते फेरस आणि फेरिक अशा दोन रूपांत असतं आणि त्यांच्या प्रमाणावरून वितळलेल्या दगडाला किती ऑक्सिजन मिळाला याचा अंदाज येतो. ते मोजायची मॉसबाउअर पद्धत मोठी मजेशीर. किरणोत्सारी कोबाल्ट-57 चा स्रोत नमुन्यासमोर सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर वेगाने पुढेमागे हलवतात. ठरावीक वेगालाच नमुन्यातलं लोह गॅमा किरण शोषतं. आलेखावर फेरसचे दोन खड्डे लांब-लांब पडतात, फेरिकचे जवळ-जवळ. 2004 मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांवरही हेच उपकरण होतं.

लोणारमध्ये अडचण पावसाची. हवा-पाण्याने फेरसचं फेरिक होतं, म्हणून तुकडा ताजा की गंजका, हे आधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं.