कोळसा, ऊन आणि पऱ्हाटी

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावर थांबायची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे कोळसा खात राहिले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेलचे इंजिन जोडले गेले. पाणी भरण्याची, राख उपसण्याची कटकट मिटली. पण कोळशासारखेच डिझेलही एक दिवस संपणारे, हा विचार तेव्हा फारसा कुणाच्या मनात नव्हता. इंधन बदलायचे ते सोयीसाठी, अशीच रीत होती.

आज ‘अपारंपरिक ऊर्जा’, ‘हरित ऊर्जा’ हे शब्द गावोगावच्या फलकांवर दिसतात. त्यातून असा समज होतो की, नवी ऊर्जा तेवढी चांगली आणि जुनी तेवढी वाईट. हिशेब इतका सरळ नाही. कोणत्याही इंधनाला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ते संपते का? ते धूर-राख मागे ठेवते का? आणि हवे त्या वेळी मिळते का?

पहिला प्रश्न विहिरीसारखा आहे. झरा किती आणि उपसा किती, यावर विहीर टिकते. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वणी परिसरात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या) कोळसा खाणी आहेत. तिथला कोळसा गोंडवन काळातल्या जंगलांचा, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. दारव्ह्याखालचा काळा बेसाल्ट खडक त्यापुढे अगदी तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा. कोळसा निसर्गात पुन्हा तयार होणारच नाही असे नाही, पण आपल्या उपशापुढे त्याचा झरा शून्यच धरायचा. ऊन मात्र आज वापरले म्हणून उद्या कमी पडत नाही.

आता घरातला हिशेब बघू. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी चंद्रपूरसारख्या केंद्रात ७० किलो कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, सुमारे एक तृतीयांश. म्हणजे त्या एका घराच्या नावाने महिन्याला वीस-पंचवीस किलो राख उरते. बिलावर तिचा उल्लेख नसतो. ती केंद्राजवळच्या तलावात साठते आणि हवेत उडते.

तेवढीच वीज छतावर करायची तर एक किलोवॉटचे सौर पॅनल पुरते. जागा सुमारे १०० चौरस फूट, वीज दिवसाला सरासरी चार युनिट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन म्हणजे विजेची चंगळ, असे वाटते. पण पॅनल तापले की त्याची क्षमता घटते. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट होते, आणि भर उन्हात पॅनलचे तापमान साठीच्या पुढे जाते. त्यात धूळ साचली तर आणखी घट. पॅनल पुसणे हेही कामच आहे.

सूर्याची खरी जोडी जमते ती ओलिताशी. रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जाणे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. साप, रानडुकरे आणि पलीकडच्या तालुक्यांत वाघाची धास्ती. सौर पंप दिवसा चालतो, आणि ओलितालाही वीज दिवसाचीच हवी असते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. मात्र एक धोका आहे. ऊन अक्षय्य असले तरी बेसाल्टमधले पाणी अक्षय्य नाही. या खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. फुकटची वीज दिवसभर पंप चालवत राहिली, तर विहीर आधी आटेल.

तिसरे इंधन तर आपल्या धुऱ्यावरच पडून असते. शकुंतलाने कापूस नेला, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी इथेच राहिली. दरवर्षी उगवते, म्हणून ती नूतनीकरणक्षम. वजनाला वजन धरले तर वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता आपल्या जास्त राखेच्या कोळशाच्या जवळपास जाते. पण चुलीत घातली की धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. धुऱ्यावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, आणि वावरातच पेटवली तर जमिनीचा कस जातो. तीच बारीक करून, दाबून विटा किंवा गोळ्या केल्या, तर कारखान्याच्या बॉयलरला चालते. औष्णिक केंद्रांत कोळशासोबत ५ टक्के शेतकचरा जाळण्याचे धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले आहे. अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी हलकी आणि पसरट. ट्रॅक्टर भरतो, पण वजन भरत नाही. म्हणून विटा करणारे यंत्र तालुक्यातच हवे.

उलट बाजूला तारापूरचे अणुकेंद्र. तिथली अणुवीज १९६९ पासून धुराविना मिळते, पण युरेनियम संपणारे आहे. न संपणारी पऱ्हाटी धूर करते, संपणारे युरेनियम करत नाही. म्हणून तिन्ही प्रश्न वेगळे ठेवायचे.

तिसऱ्या प्रश्नावर सूर्य अडतो. संध्याकाळी सात वाजता दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, तेव्हा पॅनल झोपलेले असते. साठवण नसेल तर त्या घटकेला कोळसाच कामी येतो. घाटघरला २५० मेगावॉटच्या प्रकल्पात पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेला खाली सोडून वीज करतात. असे प्रकल्प आणि बॅटऱ्या वाढतील, तसा रात्रीचा कोळसा कमी होईल. तोवर तो लागणारच.

तेव्हा दारव्ह्यापुरता निवाडा असा: दिवसाचे ओलित आणि छत सूर्याकडे द्या, पण विहिरीची पातळी बघून. पऱ्हाटी जाळू नका, विटा करणाऱ्या यंत्राची मागणी बचत गट आणि शेतकरी कंपन्यांनी लावून धरा. आणि छतावर पॅनल बसवण्याआधी विजेची जुनी बिले काढून बसा. आपल्याला किती वीज लागते, याचा अंदाज विक्रेत्याने नव्हे, आपण बांधायचा असतो.